'हिस्टॉरिक हॅन्सार्ड': पार्नेलचं संसदीय काम मुळातून वाचणाऱ्यांसाठी परीक्षण

चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं, त्यात त्याचा शेवटच जास्त असतो. घटस्फोटाचा खटला, पक्षातली फूट, १८९१मधला अकाली मृत्यू. हा आयरिश पुढारी एप्रिल १८७५पासून सोळा वर्षं ब्रिटिश कॉमन्स सभागृहात नेमकं काय करत होता, कुठल्या विधेयकाच्या कुठल्या कलमावर उठत होता, तहकुबीची सूचना केव्हा मांडत होता, हे मात्र हाती लागत नाही. ते सापडण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे ब्रिटिश संसदेचं 'हिस्टॉरिक हॅन्सार्ड' हे संकेतस्थळ. हॅन्सार्ड म्हणजे संसदेतल्या चर्चांचे अहवाल. १८०३ ते २००५ या काळातल्या चर्चांचे छापील खंड स्कॅन करून, त्यांचा मजकूर संगणकाकडून वाचून घेऊन इथे ठेवला आहे. फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही, आणि पानं निव्वळ मजकुराची असल्याने साध्या मोबाइलवरही पटकन उघडतात.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आयरिश खासदारांचं काम समजून घ्यायला याच्या तोडीचं मोफत साधन दुसरं नाही. पण भाषणांचा संग्रह समजून उघडाल तर निराश व्हाल, आणि चुकीची अवतरणंही घेऊन बसाल. हे कामकाजाचं दप्तर आहे आणि ते तसंच वाचायला हवं. पार्नेल काही फार मोठा वक्ता नव्हता. त्याची ताकद नियमांत, उपसूचनांत आणि चिकाटीत होती, आणि ती इथे पानापानावर दिसते.

नागपुरात याचा उपयोग कुणाला? एलएल.बी.च्या आणि इतिहासाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना तर आहेच, पण हिवाळी अधिवेशन कव्हर करणाऱ्या पत्रकारांनाही आहे. सभात्याग, कोरमचा मुद्दा, तहकुबी, निलंबन हे शब्द डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये रोज कानावर पडतात. अडवणुकीला आवर घालणारे नियम कुठल्या भांडणातून, कुठल्या रात्री जन्मले हे पाहायचं असेल तर १८७७ ते १८८२ ही वर्षं वाचावीत.

आता वापराबद्दल. मुख्य पानावरून आत जायच्या वाटा अनेक आहेत: बैठका, व्यक्ती, मतदारसंघ, विधेयकं, कायदे, खंड. बहुतेक जण व्यक्तींच्या यादीत शिरतात आणि पहिली ठेच तिथेच लागते. पार्नेल आडनावाची माणसं एकाहून जास्त आहेत. चार्ल्सच्या घराण्यातलाच हेन्री पार्नेल १८४१पर्यंत खासदार होता. म्हणून नावाशेजारचं जन्ममृत्यूचं साल पाहून घ्या, आपल्याला हवा तो १८४६ ते १८९१चा. त्याच्या पानावर वर्षांची यादी मिळते आणि वर्षावर टिचकी मारली की त्या वर्षात तो ज्या चर्चांत बोलला त्या तारखेनुसार दिसतात.

ही यादी पूर्ण आहे असं समजू नका. छापील नाव आणि व्यक्तीचं पान यांची जोडणी संगणकाने केली आहे. खंडातली शाई पुसट असली, नावातलं एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, तर ते भाषण पानाशी जोडलंच जात नाही. आयरिश खासदारांच्या बाबतीत आडनावांची पंचाईत आणखी मोठी. टिमोथी हीली आणि मॉरिस हीली हे भाऊ. जॉन रेडमंड आणि विल्यम रेडमंड हेही भाऊ. टी. पी. ओ'कॉनर आणि आर्थर ओ'कॉनर एकाच पक्षात, रिचर्ड पॉवर आणि जॉन ओ'कॉनर पॉवर एकाच बाकांवर, शिवाय ए. एम. आणि टी. डी. असे दोन सलिव्हन. अहवालात नुसतं 'मि. हीली' किंवा 'मि. पॉवर' आलं की कोणता, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. त्यात काही आयरिश घराण्यांचे प्रमुख 'द ओ'डोनोह्यू', 'द ओ'गॉर्मन महॉन' अशा बिरुदाने ओळखले जात. ते यादीत एका अक्षराखाली नाही मिळाले तर दुसऱ्या अक्षराखाली शोधा.

सभागृहात एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, मतदारसंघाने उल्लेख करायचा, ही रीत. त्यामुळे विरोधकांनी पार्नेलबद्दल काय म्हटलं हे 'पार्नेल' शब्द शोधून मिळत नाही. १८८०च्या निवडणुकीपर्यंत तो 'मीथचे सन्माननीय सभासद' आहे. त्या निवडणुकीत तो मीथ, मेयो आणि कॉर्क शहर अशा तीन ठिकाणी निवडून आला, त्याने कॉर्क ठेवलं, आणि तिथून पुढे मृत्यूपर्यंत तो 'कॉर्क शहराचा सभासद'. यातही एक मेख आहे. कॉर्क शहराला दोन जागा होत्या. १८८५नंतर दुसऱ्या जागेवर मॉरिस हीली होता. म्हणजे त्या काळातला 'कॉर्क शहराच्या सभासदाने' असा उल्लेख आला की तो पार्नेलच, असं धरून चालायचं नाही. आधीच्या दोन-तीन परिच्छेदांत कोण बोललं ते पाहा. नव्वद टक्के शंका तिथेच मिटते.

म्हणून आमची शिफारस अशी: व्यक्तीच्या पानावरून फक्त तारखा टिपा आणि वाचन 'बैठका' या वाटेने करा. दशक, वर्ष, महिना, दिवस असं उतरत जायचं. दिवस उघडला की त्या दिवसाचं सगळं कामकाज क्रमाने दिसतं: आधी प्रश्नोत्तरं, मग दिवसाच्या कामकाजातली विधेयकं, मग उशिराची किरकोळ कामं. पार्नेलचं एक भाषण सुटं वाचलं तर ते कंटाळवाणं वाटतं. तेच त्या दिवसाच्या ओघात, आधी कोण बोललं आणि सरकारला मध्यरात्रीपर्यंत काय उरकायचं होतं हे लक्षात घेऊन वाचलं की त्यातली आखणी कळते.

तारखेचा एक घोटाळा नव्या वाचकाला हमखास होतो. कॉमन्सची बैठक दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीनंतरही चाले, आणि अहवाल बैठक ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेखाली जातो. आयर्लंडला स्वतःचं विधिमंडळ देणारं पहिलं होमरूल विधेयक ३० मतांनी पडलं ती तारीख सगळीकडे ८ जून १८८६ अशी दिलेली असते. ८ जूनचं पान उघडलं तर तिथे ही चर्चा नाही. ती ७ जूनच्या पानावर आहे, पार्नेलच्या त्या रात्रीच्या भाषणासकट. एखादी प्रसिद्ध घटना सापडत नसेल तर आदल्या दिवशी पाहा. लांबलेल्या बैठकीसाठी आदले दोन दिवस पाहा.

वाचायला सुरुवात कुठून करावी? आमच्या मते १८७७पासून. १८७५च्या एप्रिलात जोसेफ बिगर या कॅव्हनच्या सभासदाने आयर्लंडच्या दडपशाही विधेयकावर जवळपास चार तास भाषण करून अडवणुकीचा धडा घालून दिला होता, आणि योगायोगाने पार्नेलने त्याच दिवशी, २२ एप्रिलला, सभागृहात आपली जागा घेतली. पण पहिली दोन वर्षं पार्नेल शिकाऊच आहे. १८७७त तो तयार झालेला दिसतो. त्या वर्षीच्या तुरुंग विधेयकावर त्याच्या उपसूचना पाहा. राजद्रोहाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना सामान्य गुन्हेगारांत न टाकता पहिल्या वर्गात ठेवावं, ही तरतूद त्या कायद्यात आली त्यामागे त्याचा रेटा होता. टिळकांचे राजद्रोहाचे खटले ज्यांनी अभ्यासले आहेत त्यांनी हा भाग आवर्जून वाचावा. तो कायदा इंग्लंडपुरता होता, हिंदुस्थानाला लागू नव्हता, हेही ध्यानात ठेवावं.

त्यानंतर दक्षिण आफ्रिका विधेयक. २५ जुलै १८७७ला समिती अवस्थेत पार्नेल म्हणाला की सरकारचा हेतू उधळून लावण्यात आपल्याला विशेष समाधान आहे. अर्थमंत्री नॉर्थकोटने ते शब्द लिहून घ्यायला लावले आणि निलंबनाची सूचना आणली. सभागृहाचा अपमान झाला असं धरून हे चाललं होतं. मग लक्षात आलं की शब्द सरकारबद्दल होते, सभागृहाबद्दल नव्हते. सरकारला अडवण्यात समाधान मानणं हा काही सभागृहाचा अपमान होत नाही. सूचना बारगळली. हॅन्सार्डच्या पानावर हा गोंधळ जवळून पाहता येतो: शब्द लिहून घेतले जातात, समितीचा अध्यक्ष खुर्ची सोडतो, स्पीकर येतो, वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन दिवसांनी, २७ जुलैला, नियम कडक झाले: एकाच प्रश्नावर एका सभासदाला 'प्रगतीचा अहवाल द्यावा' किंवा 'अध्यक्षांनी खुर्ची सोडावी' अशी सूचना एकदाच मांडता येईल.

हा नियम का लागला हे समजायला समिती अवस्थेचं वेगळेपण माहीत हवं. स्पीकर खुर्चीत असताना एका प्रश्नावर सभासदाने एकदाच बोलायचं. पूर्ण सभागृहाची समिती झाली की ही मर्यादा नाही, कितीही वेळा उठा. त्यातून 'प्रगतीचा अहवाल' ही सूचना म्हणजे 'आज इथेच थांबू' अशी मागणी, आणि तिच्यावर वेगळी चर्चा, वेगळी मतविभागणी. प्रत्येक मतविभागणीत सभासदांनी उठून लॉबीत जायचं आणि मोजून परत यायचं. चार-पाच माणसं एवढ्यावर रात्र काढू शकत. नवा नियम आल्यावर हे एकट्यादुकट्याचं काम उरलं नाही, माणसं जास्त लागू लागली. ३१ जुलैला सुरू झालेली बैठक सात आयरिश सभासदांनी २६ तास ताणली. ती बैठक वाचताना प्रत्येक सूचनेपुढे मांडणाऱ्याचं नाव कागदावर टिपत जा. पाळ्या कशा लावल्या होत्या हे आपोआप दिसतं.

पुढचा टप्पा १८७९चं सैन्य शिस्त विधेयक. फटक्यांच्या शिक्षेवर पार्नेल आणि त्याचे साथी कलमाकलमाला अडले, आणि काही इंग्लिश रॅडिकल, त्यांत जोसेफ चेंबरलेन, त्यांना येऊन मिळाले. फटक्यांची कमाल संख्या ५०वरून २५वर आली आणि १८८१त ही शिक्षाच गेली. अडवणूक म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, हा गैरसमज ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही समिती अवस्था पुरती वाचावी. इथे आयर्लंडचा संबंध नाममात्र, पण कायदा प्रत्यक्षात सुधारला गेला.

आणि मग हॅन्सार्डचा खंड २५७. जानेवारी १८८१च्या अखेरीस आयर्लंडमध्ये खटल्याविना अटक करण्याचा अधिकार देणारं विधेयक मांडण्याची परवानगी मागितली गेली. सोमवार, ३१ जानेवारीच्या दुपारी सुरू झालेली बैठक बुधवार, २ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत चालली. एकूण साडेएकेचाळीस तास. सकाळी नऊच्या सुमारास स्पीकर ब्रँड खुर्चीत आला आणि कुठल्याही लिखित नियमाचा आधार नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा थांबवून त्याने प्रश्न मताला टाकला. परवानगीच्या सूचनेवरची उपसूचना १६४ विरुद्ध १९ने पडली. आयरिश सभासद हक्कभंगाचा पुकारा करत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, लँड लीग या आयरिश कुळांच्या चळवळीचा संस्थापक मायकल डेव्हिट याला अटक झाल्याचं सभागृहात सांगितलं गेलं आणि त्यानंतरच्या गदारोळात ३६ आयरिश सभासद निलंबित झाले. त्यातली पहिली काही निलंबनं सावकाश वाचा: पार्नेलचा सहकारी जॉन डिलन औचित्याच्या मुद्द्यावर उभा राहतो, पंतप्रधान ग्लॅडस्टनही बोलायला उभा आहे, स्पीकर डिलनचं नाव घेतो, म्हणजे निलंबनासाठी पुकारतो. मग पार्नेल सूचना मांडतो की ग्लॅडस्टनचं म्हणणं यापुढे ऐकू नये. ही सूचना त्याने केवळ राग म्हणून मांडलेली नाही, तिला जुन्या प्रथेचा आधार होता, आणि तीच पुन्हा पुन्हा मांडून एकेक जण बाहेर जात राहिला.

ब्रँडच्या त्या सकाळीतून पुढचे नियम निघाले. लगेच तीन विरुद्ध एक बहुमताने आणि किमान ३०० उपस्थितीत 'तातडी' जाहीर करण्याचा ठराव झाला. १८८२च्या शरद अधिवेशनात चर्चाबंदीचा पक्का नियम झाला: दोनशेहून जास्त सभासदांचा पाठिंबा हवा, किंवा विरोधात चाळीसपेक्षा कमी आणि बाजूने शंभराहून जास्त. १८८७त कुठल्याही सभासदाला चर्चाबंदी मागता येऊ लागली आणि त्याच वर्षीच्या आयर्लंडच्या फौजदारी विधेयकावर ठरलेल्या वेळी सगळी उरलेली कलमं मताला टाकण्याची 'गिलोटिन' पद्धत आली. हे सगळं हॅन्सार्डवर तारीखवार मिळतं, आणि आमच्या मते या संकेतस्थळाचं सर्वांत मोठं मोल हेच आहे.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यात गंभीर: हा शब्दशः अहवाल नाही. १९०९पर्यंत हॅन्सार्ड हे खासगी प्रकाशन होतं, संसदेचे स्वतःचे वार्ताहर नव्हते. बराचसा मजकूर वर्तमानपत्रांतून जुळवला जाई आणि सभासदांकडे दुरुस्तीसाठी पाठवला जाई. बहुतेक भाषणं तृतीय पुरुषात आहेत: 'मि. पार्नेल म्हणाले की त्यांना असं वाटतं' या धाटणीची. ती अवतरणचिन्हात घालून पार्नेलचे शब्द म्हणून छापणं चूक आहे. प्रबंधात, अग्रलेखात, स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात 'पार्नेलने असं प्रतिपादन केलं' एवढंच लिहा. यंत्राकडून मराठी भाषांतर करून घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. एकाच परिच्छेदात तीन 'ते' येतात, त्यातला एक पार्नेल, एक ग्लॅडस्टन, एक आयर्लंडचा मंत्री, आणि यंत्र तिघांचा एक करून टाकतं.

दुसरी उणीव पार्नेलच्या बाबतीत जास्त जाणवते. मध्यरात्रीनंतरचं आणि समितीतलं कामकाज वर्तमानपत्रं थोडक्यात छापत. १८७८पासून सरकारी अनुदान मिळाल्यावर हॅन्सार्डने अशा कामकाजासाठी वार्ताहर ठेवले. म्हणजे १८७५ ते १८७७ या काळात पार्नेल-बिगर यांचं खरं काम ज्या वेळी चालत होतं, नेमका तोच भाग त्रोटक आहे. दोन ओळींत उरकलेल्या चर्चेला प्रत्यक्षात दोन तास लागले असू शकतात. भाषणांच्या लांबीवरून निष्कर्ष काढू नका, मतविभागण्यांच्या संख्येवरून काढा.

काही काम तर मुळीच दिसत नाही. विरोधाची नोटीस असलेलं विधेयक रात्री साडेबारानंतर घ्यायचं नाही, असा नियम १८७१पासून होता. बिगर ढिगाने अशा नोटिसा देऊन विधेयकं अडकवून ठेवी. ती कार्यक्रमपत्रिकेवर असत, चर्चेला येतच नसत. त्यामुळे हॅन्सार्डमध्ये त्यांची खूण नाही.

मतविभागणीच्या याद्या हा तिसरा अवघड भाग. छापील पानावर नावं रकान्यांत आहेत, आणि यंत्रवाचनात रकाने कधीकधी एकमेकांत मिसळतात. यादी वापरण्याआधी नावं मोजा. मोजताना लक्षात ठेवा की दोन्ही बाजूंची मतं मोजणारे दोन-दोन सभासद आकड्यात धरलेले नसतात. त्यांची नावं शेवटी वेगळी येतात, आणि आयरिश मतविभागण्यांत तिथे बरेचदा पार्नेल किंवा बिगरच सापडतो. नाव कुठल्याच बाजूला नसणं हीसुद्धा माहिती आहे. १८८१च्या आयर्लंड जमीन विधेयकाचं दुसरं वाचन ३५२ विरुद्ध १७६ने झालं तेव्हा पार्नेल आणि त्याचे बरेच सहकारी मतदानाला गेलेच नाहीत. विधेयक पाडायचं नव्हतं आणि त्याचं श्रेय सरकारला द्यायचंही नव्हतं. पुढे समितीत मात्र त्यांनी कसून काम केलं. टिमोथी हीलीचं कलम प्रसिद्ध आहे: कुळाने किंवा त्याच्या पूर्वीच्या कुळाने स्वतः केलेल्या सुधारणांवर खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, आकारायचा नाही. मालगुजारीचा आणि १८८३च्या मध्यप्रांत कुळकायद्याचा अभ्यास करणाऱ्या नागपूरकरांनी ही समिती अवस्था शेजारी ठेवून वाचावी. वाजवी खंड, बेदखलीपासून संरक्षण, हक्क विकण्याची मुभा, हे प्रश्न दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी ऐरणीवर होते.

विधेयकांचा मजकूर इथे नाही, हे फार जणांच्या उशिरा लक्षात येतं. 'कलम ७, ओळ १२मधून अमुक शब्द गाळावे' अशी उपसूचना वाचून काही कळत नाही. मंजूर झालेले जुने कायदे 'आयरिश स्टॅट्यूट बुक'च्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, १८८१चा जमीन कायदाही. तो दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा. मूळ विधेयक आणि अंतिम कायदा यांत कलमांचे क्रमांक बदललेले असू शकतात, तेवढं सांभाळा.

सभागृहाबाहेरचं काहीच इथे नाही. लँड लीगच्या सभा, कॉर्कची जानेवारी १८८५ची सभा, पार्नेलचा जाहीर उद्योग, यातलं काही शोधू नका. डिसेंबर १८९०त 'कमिटी रूम १५'मध्ये पक्ष फुटला ती बैठक संसदेच्याच इमारतीत झाली, तरी ती पक्षाची बैठक, सभागृहाचं कामकाज नव्हे, म्हणून तीही नाही. ऑक्टोबर १८८१ ते मे १८८२ या काळात पार्नेलच्या नावापुढे पोकळी दिसते, ती यंत्राची चूक नव्हे. तो किल्मेनहॅमच्या तुरुंगात होता. त्याच्या सुटकेनंतरचं ४ मेचं कामकाज आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये झालेल्या दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या खुनांनंतरचं ८ मेचं त्याचं छोटं निवेदन जरूर वाचा. त्याला जोडून २२ आणि २३ फेब्रुवारी १८८३: पहिल्या दिवशी आयर्लंडचा माजी मंत्री फॉर्स्टर याचा पार्नेलवर हल्ला, दुसऱ्या दिवशी पार्नेलचं थंड, तुटक उत्तर. त्याच्या स्वभावाची इतकी स्वच्छ ओळख दुसऱ्या कुठल्या पानावर होत नाही.

शोधण्याची सोय कितपत? शब्द टाकून शोधायचं असेल तर संसदेच्या नव्या हॅन्सार्ड संकेतस्थळावर तारखेची मर्यादा घालून शोधा आणि वाचायला जुन्या संकेतस्थळावर या, कारण दिवसाचा क्रम जुन्यावर जास्त सुटसुटीत दिसतो. आयरिश नावांतली अपॉस्ट्रॉफी यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून 'ओ'डोनेल' शोधताना चिन्हासह आणि चिन्हाशिवाय, दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा. मधले काही खंडही गायब आहेत. तारखेचं पानच नसेल तर इंटरनेट अर्काइव्हवर त्या खंडाचा स्कॅन शोधा. हॅन्सार्डच्या तिसऱ्या मालिकेचे ३५६ खंड १८९१पर्यंत येतात, म्हणजे पार्नेलची सगळी कारकीर्द त्यातच. संशयास्पद आकडा किंवा नाव पडताळायलाही छापील पानाचा स्कॅनच उपयोगी. संदर्भ देताना तारीख, मालिका, खंड आणि स्तंभ क्रमांक द्या. पान क्रमांक नसतो, प्रत्येक छापील पानावर दोन स्तंभ असतात आणि मोजणी त्यांची होते. क्रमांक मजकुराच्या मध्येच येतात, कॉपी करताना ते वाक्यात घुसतात.

पैसे भरून मिळणारे संसदीय कागदपत्रांचे संग्रह आहेत, त्यांत विधेयकं आणि समित्यांचे अहवालही असतात. विद्यापीठाकडे वर्गणी असेल तर जरूर वापरा. वैयक्तिक वाचकाने त्यासाठी खर्च करण्याची गरज आम्हाला वाटत नाही. मोफत हॅन्सार्ड, कायद्यांचं संकेतस्थळ आणि स्कॅन केलेले खंड, एवढ्यावर एम.ए.चा लघुप्रबंध उभा राहतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा यंत्रवाचनाच्या चुका आणि गायब खंडांसाठी कापला.

पार्नेल वाचून झाला की तिथेच थांबू नका. फ्रँक ह्यू ओ'डोनेल हा डनगार्व्हनचा सभासद १८७७ ते १८८५ या काळात हिंदुस्थानच्या प्रश्नांवर बोलत असे, आणि हिंदी व आयरिश लोकांनी एकत्र यावं हा विचार त्याने मांडला होता. आल्फ्रेड वेब हा डब्लिनचा मुद्रक १८९०पासून वेस्ट वॉटरफर्डचा सभासद. तो १८९४च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष झाला. पार्नेल ६ ऑक्टोबर १८९१ला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं सातवं अधिवेशन नागपुरात भरलं होतं, हा कालक्रम समोर असला की वेबची पानं वेगळ्या नजरेने वाचली जातात.

नागपूरच्या अभ्यासकांसाठी एक विषय सुचवतो. १९२३च्या निवडणुकीत मध्यप्रांतात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, मंत्र्यांवर अविश्वास आणला आणि १९२४चं अंदाजपत्रक नामंजूर केलं. पार्नेलकडे कधीच बहुमत नव्हतं. १८८५च्या निवडणुकीनंतरही ८६ माणसं होती, आणि त्याचा सगळा डाव दोन मोठ्या पक्षांच्या मधोमध उभं राहण्याचा होता. अल्पमतातली अडवणूक आणि बहुमतातली अडवणूक यांची तुलना करायची तर एका बाजूला मध्यप्रांत कौन्सिलचे छापील अहवाल लागतील आणि दुसऱ्या बाजूला हॅन्सार्डचे हे खंड. हॅन्सार्डच्या बाजूने सुरुवात १८८५च्या ८ आणि ९ जूनपासून करा. आयरिश मतं विरोधकांना मिळून ग्लॅडस्टनचं सरकार अंदाजपत्रकावर पडलं ती मतविभागणी ८ जूनच्या पानाच्या अगदी शेवटी आहे.